वाघ गेटपाशी थांबत नाही

कोकणातल्या वेळासला कासवाची पिल्लं बघायची तर सकाळी सातच्या आत किनाऱ्यावर हजर व्हावं लागतं. आगरांमधून वाट जाते, पुढे सुरूचं बन लागतं आणि बन संपलं की समुद्र. वाळूवर जाळी लावून एक चौकोन केलेला असतो. आत ओळीने घरटी, प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी घातलेली आणि शेजारी छोटी पाटी. अंडी कधी सापडली, किती होती, ते त्या पाटीवर. कासवमित्र एकेक टोपली उचलतो, वाकून बघतो, परत ठेवतो. दोरीच्या अलीकडे दीड-दोनशे माणसं उभी असतात आणि एरवी कधी गप्प न बसणारी पोरंसुद्धा गप्प असतात.

मी गेले त्या सकाळी सगळ्या टोपल्या रिकाम्या निघाल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना राहवेना. रात्रभर गाडी चालवून आले होते, बरोबर दोन लहान मुलं. त्यांनी कासवमित्राला विचारलं, "एखादं घरटं जरा उकरून नाही का दाखवता येणार? आम्ही इतक्या लांबून आलोय हो." तो पंचविशीतला मुलगा शांतपणे म्हणाला, "वर यायची वेळ त्यांची ते ठरवतात, काका. तुम्ही संध्याकाळी सहाला या परत." आणि टोपली ठेवून पुढे गेला.

त्या मुलाला 'नाही' म्हणता आलं, हे मला त्या दिवशी पिल्लं दिसण्याहून मोठं वाटलं. का म्हणता आलं, याचा मी बराच विचार केला. पाहुणे गावातल्या घरांत उतरलेले असतात. माजघरात सतरंज्या टाकून झोपतात, केळीच्या पानावर आमटी-भात आणि मोदक जेवतात, आणि पैसे देतात ते राहण्या-जेवणाचे. पिल्लं निघोत न निघोत, यजमानाचं देणं तेवढंच राहतं. घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्याचं मानधन वेगळं, तेही त्या सकाळच्या नशिबावर अवलंबून नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या कोणाचीही चूल त्या दिवशी पिल्लू दिसण्यावर पेटत नाही. म्हणून पाहुण्याला नाराज करणं परवडतं.

माझं माहेर चंद्रपूरचं आणि सासर चिपळूणचं. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला कासव, असा माझा संसार. दोन्हीकडे लोक एकच वाक्य म्हणतात, "पर्यटन आलं की गावाला पैसा मिळतो आणि पैसा मिळाला की गाव प्राणी वाचवतं." हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर सध्या माणसं मरताहेत. पैसा कोणत्या रस्त्याने येतो, कुठवर पोचतो आणि त्याबरोबर गावाच्या हातात काही अधिकार येतो की नाही, यावर सगळं ठरतं.

वेळासची गोष्ट पर्यटनाने सुरू झाली नाही, हे आधी सांगायला हवं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची मंडळी समुद्री गरुडाच्या शोधात त्या किनाऱ्यावर गेली होती. तिथे त्यांना कासवाच्या अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले माद्या कोकणात अंडी घालतात हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, पण ती अंडी खाल्ली जात, विकली जात. संस्थेने काम उभं केलं ते गावातल्याच माणसांना बरोबर घेऊन, ज्यांना माग बघून घरटं कुठे आहे ते नेमकं कळत असे त्यांना. कासव महोत्सव आला तो २००६ मध्ये, काम चार वर्षं मुरल्यावर. आधी विश्वास, मग पाहुणे. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, आणि आज जिकडे तिकडे तो उलटा लावला जातो. आधी रिसॉर्ट येतं, मग 'स्थानिकांचा सहभाग' नावाची एक फाइल उघडते.

पण वेळासलासुद्धा एक मोठं भगदाड आहे. कासव किनाऱ्यावर असतं ते अंडी घालण्यापुरतं, तासभर. बाकी आयुष्य समुद्रात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. ती वर गुजरातच्या समुद्रापर्यंत गेली. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला बिल्ला होता, आणि तो लावलेला निघाला २०२१ मध्ये, ओडिशाच्या किनाऱ्यावर! एवढ्या प्रवासात तिची गाठ पडते ती जाळ्यांशी. तिथे तिला वाचवणारा कोण, तर खलाशी. होमस्टेचा पैसा त्याच्यापर्यंत पोचत नाही. ज्याच्या घराला जास्तीची खोली, मोठी ओसरी आणि वेगळं संडास-बाथरूम आहे त्याचं घर होमस्टे होतं. ज्याचं घर म्हणजे दीड खोली आणि बाहेर वाळत घातलेली जाळी, त्याच्याकडे पाहुणा उतरत नाही.

इथे महाराष्ट्र सरकारने एक चांगलं काम केलं, आणि त्याची पुरेशी चर्चा झाली नाही. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडून दिला तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो काढायचा, अर्ज करायचा. या योजनेत पर्यटक कुठेच नाही. जीव जिथे अडकतो तिथे, ज्याच्या हातात सुरी आहे त्याला पैसा. मला वाटतं गेल्या काही वर्षांतला संवर्धनाचा हा सगळ्यांत शहाणा विचार आहे, आणि तो समुद्रावरून उचलून जंगलात न्यायला हवा.

आता माहेरी येते. ताडोबा १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, आणि २०१० मध्ये त्याला अकराशे चौरस किलोमीटरचं बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा राखीव पट्टा, जोडलं. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही गेटची नावं आज मुंबई-पुण्यात तोंडपाठ आहेत. माझ्या लहानपणी मोहर्लीला जायचं तर एसटीची वाट बघत बसावं लागे. आज तिथल्या पोरांच्या जिप्सी आहेत, तिथल्या मुली गाइड झाल्या आहेत, खाकी शर्ट घालून पाहुण्यांना पक्षी ओळखायला शिकवतात. हे खोटं नाही आणि छोटंही नाही. ज्या घरातली बाई सरपणासाठी रोज जंगलात जात होती, त्या घरातली मुलगी त्याच जंगलाची माहिती सांगून पगार आणते, हा बदल मी डोळ्यांनी पाहिलाय. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं, तेव्हा त्या गावांवर काय संकट आलं तेही पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये बंदी उठली आणि मार्गदर्शक सूचना आल्या. पर्यटन बंद करा म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी कधी सहमत होऊ शकत नाही.

पण मोहर्लीच्या जिप्सीवाल्याला वेळासच्या त्या मुलासारखं 'नाही' म्हणता येतं का? पाहुण्याने हजारो रुपये मोजलेत ते वाघासाठी. वाघ दिसला तर बक्षिशी, नाही दिसला तर तोंड वाकडं, आणि पुढचं बुकिंग दुसऱ्याकडे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. चित्रफीत सगळीकडे फिरली आणि नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती चालकांवर आणि गाइडांवर. झाली हे योग्यच. पण त्या गाड्या पुढे घ्यायला लावणारी व्यवस्था तशीच आहे. जोवर गाइडची मिळकत वाघ दिसण्यावर अवलंबून आहे, तोवर त्याला नियम पाळायला सांगणं म्हणजे त्याला रोज स्वतःच्या पोटाशी भांडायला सांगणं. बक्षिशी बंद करून ठरावीक, पुरेसा मेहनताना द्या, वाघ दिसो न दिसो. वेळासने हे न ठरवता करून दाखवलंय.

हे झालं गेटच्या आतलं. गेटबाहेरचं दुखणं मोठं आहे.

२०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि यात चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. पण हे सगळे वाघ काही प्रकल्पाच्या हद्दीत मावलेले नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली, मूल, या पट्ट्यातली झुडपी जंगलं, धानाची शेतं, नाले, बोड्या, सगळीकडे वाघ आहे. तिथे सफारी नाही, जिप्सी नाही, रिसॉर्ट नाही. तिथे आहे मोहफूल आणि तेंदूपान.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर ती डुकरं आणि चितळं खाऊन जातात, नाहीतर ऊन लागून सुकतात. म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, अर्धा तास, तास. वाकलेली बाई गवताआडून माणसासारखी दिसत नाही. मेमध्ये तेंदूपान येतं. सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं, फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, नेऊन मोजून द्यायचं. पंधरा-वीस दिवसांच्या त्या मजुरीवर पावसाळ्याचं बियाणं आणि शाळेची वह्या-पुस्तकं निघतात. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालजवळच्या जंगलात तेंदूपान तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. मे महिना. ताडोबात सफारीचा सगळ्यांत भर हंगाम. त्याच सुमाराला, पहाटे साडेपाचच्या आसपास, काही कोसांवर गेटसमोर गाड्यांची रांग लागलेली असते. एक जण वाघ दिसावा म्हणून प्रार्थना करत असतो, दुसरी दिसू नये म्हणून.

त्या तालुक्यातल्या एका मावशींच्या अंगणात मी मागच्या उन्हाळ्यात बसले होते. मोहफुलं वाळत घातली होती, सगळ्या अंगणाला तो गोड, आंबूस वास. मी म्हटलं, "मावशी, ताडोबाला पर्यटनाचा एवढा पैसा येतो, तुमच्या गावाला त्यातलं काय मिळतं?" त्या म्हणाल्या, "आमी त बफरमधी नाही म्हन्तेत. गेट तिकडं हाये." मग फुलं पालथी करता करता म्हणाल्या, "वाघाले का गेट दिसते का जी?"

या एका प्रश्नाला आपल्या सगळ्या धोरणाकडे उत्तर नाही. पर्यटनाचा पैसा हद्दीने बांधलेला आहे आणि वाघ हद्दीने बांधलेला नाही. ताडोबाच्या गेटवर जमा होणारा पैसा सरकारी तिजोरीत न जाता प्रकल्पाच्या प्रतिष्ठानकडे जातो, ही चांगली सोय आहे. बफरमधल्या आणि जंगलालगतच्या गावांसाठी २०१५ पासून जन-वन विकास योजनाही आहे. त्यातून गॅस आले, सौर कुंपणं आली. पण हद्दीपासून दूर, वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर असलेलं गाव बरेचदा या हिशोबात नसतं. त्याच्या वाट्याला येते ती भरपाई, माणूस गेल्यावर. आज ती २५ लाख आहे, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती मिळायलाच हवी. पण भरपाई ही मरणाची किंमत झाली. वाघाबरोबर जगण्याचं काय? रात्री धानाला पाणी द्यायला जाता येत नाही त्याचं काय? ज्या मोहाच्या झाडाखाली यंदा कुणी फिरकलंच नाही, त्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्या वहीत होते?

केनियात मसाई माराच्या राखीव क्षेत्राला लागून मसाई कुटुंबांच्या खासगी जमिनी आहेत. तिथे दोन दशकांपूर्वी एक व्यवस्था बसू लागली. शेजारशेजारचे जमीनमालक एकत्र येतात, कुंपण घालायचं नाही, शेती करायची नाही, वन्यप्राण्यांना मोकळं फिरू द्यायचं असं ठरवतात, आणि पर्यटन कंपन्या त्यांना जमिनीचं भाडं देतात. पाहुणे कमी आले म्हणून भाडं कमी होत नाही, असा करार असतो. प्राणी ज्या जमिनीवरून चालतो त्या जमिनीच्या मालकाला पैसा. या व्यवस्थेतही खोट आहेच. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडं त्यांना. बायका आणि भूमिहीन कोरडे. आपल्याकडे सातबारा बघून पैसे वाटले तर नेमकं हेच होईल, कारण तेंदू तोडणाऱ्या बाईच्या नावावर शेत नसतं. म्हणून आपल्याकडे हा पैसा जमीनमालकाला न देता ग्रामसभेला द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

समितीला नव्हे, ग्रामसभेला. फरक शब्दांचा नाही. गावोगाव परिस्थितीकी विकास समित्या आहेत, पण समितीचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो, आणि काय घ्यायचं ते बरेचदा वरून ठरून येतं. मग एखाद्या गावात सगळ्यांना ताडपत्री मिळते, जिथे खरी गरज पहाटे जाणाऱ्या बायकांबरोबर चार जाणकार माणसं पगारावर नेमण्याची असते. प्राथमिक प्रतिसाद दलातली मुलं वाघ गावाजवळ आला की जिवावर उदार होऊन गर्दी आवरतात. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात हीच मुलं गटागटाने बायकांबरोबर गेली, आदल्या दिवशीचे पाणवठ्यावरचे पगमार्क बघून कोणत्या बाजूला जायचं नाही ते गावाला सांगितलं, तर किती जीव वाचतील! याला पैसा लागतो. तो पैसा गेटवर जमा होतोय.

ग्रामसभेला अक्कल नसते, पैसे वाटून खातील, भांडणं होतील, असं साहेब लोकच नाही, शहरातले निसर्गप्रेमीसुद्धा म्हणतात. त्यांनी एकदा गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला जाऊन यावं. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून ग्रामसभेने स्वतःचा कारभार उभा केला. आणि तेंदूपान, ज्यातून हातात रोख येतं, ते तोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पान चांगलं यावं म्हणून फांद्या छाटतात, वणवे लावले जातात, झाडाला फळ धरत नाही, म्हणून. कोणत्याही पर्यटकाने त्यांना याचे पैसे दिले नाहीत. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाने त्याआधीच, २००९ मध्ये, अठराशे हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. भांडणं तिथेही होतात. ती सगळ्यांसमोर होतात आणि सगळ्यांसमोर मिटतात. बंद खोलीत ठरलेल्या ताडपत्रीपेक्षा ते भांडण मला जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरा आक्षेप मला स्वतःलाही छळतो. सगळं पैशावर आणलं तर वाघाशी असलेलं जुनं नातं मरणार नाही का? ताडोबा हे नावच गोंडांच्या तारूवरून आलं. वाघाशी झुंजता झुंजता तो गेला असं सांगतात, आणि तळ्याकाठी त्याचं देऊळ आहे. ज्या वाघाने आपला पूर्वज मारला त्याच्याच जंगलात पूर्वजाला देव करून बसवणारी ही माणसं. त्यांना वाघ वाचवा हे पोस्टर लावून शिकवायची गरज नव्हती. पण श्रद्धेच्या भरवशावर किती दिवस एकाच बाजूने किंमत मोजायची? नातं टिकायचं तर ते दोन्हीकडून निभवावं लागतं, आणि इथे दुसरी बाजू वाघाची नाही, आपली आहे. शहरात बसून वाघाचा आकडा वाढला म्हणून आनंद मानणाऱ्या सगळ्यांची.

आणि पर्यटनावरच सगळा भार टाकणं किती धोक्याचं आहे ते २०२० ने दाखवलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी आली, ती वेळासच्या ऐन हंगामात. पाहुणे बंद. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. एका वर्षात पाहुणेही गेले आणि आगरही. कासवं मात्र पुढच्या हंगामात वेळेवर आली, आणि त्यांची घरटी राखायला माणूस लागणारच होता. ताडोबाची गेटंही त्या वर्षी बंद होती, तेंदूचा हंगाम बंद नव्हता. म्हणून चांगल्या वर्षाच्या उत्पन्नातला काही भाग बाजूला काढून ग्रामसभांचा कायमचा निधी करायला हवा, ज्याच्या व्याजावर राखणदारांचे पगार निघतील. रिसॉर्टांनी संवर्धन शुल्क द्यावं असं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. ते खोलीमागे, रात्रीमागे घ्यावं आणि किती जमलं ते गावाच्या भाषेत गेटवरच्या फळ्यावर लिहावं.

दर पावसाळ्यात गाभ्याची गेटं बंद असतात. त्या तीन महिन्यांत पुढच्या हंगामाचे दर ठरतात, गाड्या ठरतात, फेऱ्या ठरतात. त्याच बैठकीत आणखी एक यादी ठरवता येईल. वाघांच्या वाटेवरची, बफरबाहेरची गावं कोणती, आणि गेटवरच्या प्रत्येक तिकिटातले किती रुपये थेट त्यांच्या ग्रामसभांच्या खात्यात जाणार. वाघ कुठून कुठे जातात याचे नकाशे वनखात्याकडे आहेत, ग्रामसभांकडे बँकेची खाती आहेत. त्या मावशींच्या गावाचं नाव त्या यादीत यायला हवं, आणि ते पुढचा मोह गळायच्या आत यायला हवं.